परभाषी रेडिओमागचा सरकारी पैसा कसा वाचावा: कोकण किनाऱ्यावरच्या श्रोत्यांसाठी

दुसऱ्या देशातल्या लोकांसाठी त्यांच्याच भाषेत चालवला जाणारा रेडिओ बहुतेक वेळा जाहिरातींवर चालत नाही आणि ऐकणाऱ्याकडूनही त्याला एक पैसा मिळत नाही. त्याचे बिल कोणते तरी सरकार भरते, पण ते का भरते हे केंद्राच्या उद्घोषणेत कधी सांगितले जात नाही. मैत्री, संस्कृती आणि खऱ्या बातम्या यांची भाषा लंडनही करते आणि बीजिंगही करते. एखाद्या सरकारला खरोखर कोणता प्रदेश महत्त्वाचा वाटतो हे समजून घ्यायचे असेल, तर निवेदकाचे शब्द बाजूला ठेवून पैशाचा मार्ग, भाषांची यादी आणि प्रक्षेपणाचे वेळापत्रक वाचावे लागते.

हे काम घरबसल्या होते आणि कोकणात ते थोडे अधिक सोपे जाते, कारण आपल्या पश्चिमेला ओमानपर्यंत मध्ये फक्त समुद्र आहे. बीबीसीचे ओमानमधील प्रक्षेपण केंद्र पूर्वी मसिरा बेटावर होते आणि २००२ पासून ते मुख्य भूमीवर असीला येथे आहे. रत्नागिरीपासून ते हवाई अंतराने सुमारे दीड हजार किलोमीटरवर येते. शॉर्टवेव्हच्या, म्हणजे हजारो किलोमीटर दूर पोहोचणाऱ्या रेडिओ लहरींच्या, दृष्टीने हे अंतर फार सोयीचे आहे, आणि रात्री मीडियम वेव्हवर समुद्रावरून येणारी आखाती केंद्रे तर साध्या ट्रान्झिस्टरवरही लागतात. कागदावर वाचलेले कानांनी पडताळण्याची सोय यामुळे आपल्याला मिळते.

पैसा कोणत्या खात्यातून येतो

सुरुवात नेहमी येथून करावी. रक्कम किती आहे यापेक्षा ती कोणत्या मंत्रालयाच्या खात्यातून येते हे अधिक बोलके असते, कारण ज्याच्या खात्यातून पैसा जातो तोच पुढे हिशोब आणि उद्दिष्ट विचारतो. जर्मनीत देशांतर्गत सार्वजनिक प्रसारण घरटी वर्गणीवर चालते, पण १९५३ साली सुरू झालेल्या डॉइचे वेले या परदेशांसाठीच्या प्रसारणसंस्थेला तो पैसा मिळत नाही. तिचा खर्च केंद्र सरकार करांतून करते. ब्रिटनमध्ये बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला अनेक दशके परराष्ट्र खात्याचे थेट अनुदान मिळत होते. एप्रिल २०१४ पासून तिचा मुख्य भार टीव्ही परवाना शुल्कावर, म्हणजे ब्रिटिश घरमालकाच्या खिशावर टाकण्यात आला. तरीही कोणती भाषा सुरू करायची आणि कोणती बंद करायची यासाठी परराष्ट्र मंत्र्यांची संमती लागते, ही गोष्ट तशीच राहिली.

नेदरलँड्सचे उदाहरण तर नमुना म्हणून जपून ठेवावे. तेथील जागतिक रेडिओचा खर्च शिक्षण, संस्कृती व विज्ञान मंत्रालयाकडे होता. २०११ साली झालेल्या निर्णयानुसार तो २०१३ पासून परराष्ट्र मंत्रालयाकडे गेला आणि त्याच वेळी अंदाजपत्रक ४.६ कोटी युरोंवरून १.४ कोटी युरोंवर आले. परदेशातल्या डच माणसांसाठी असलेले कार्यक्रम बंद झाले, शॉर्टवेव्ह सोडून देण्यात आली आणि जेथे मोकळेपणाने बोलता येत नाही अशा देशांतल्या तरुणांपुरते काम उरले. मंत्रालय बदलले की श्रोताही बदलतो, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

पैसा देणारा कधी कधी पडद्याआडही असतो. पूर्व युरोपातल्या श्रोत्यांसाठीचा अमेरिकी रेडिओ फ्री युरोप १९५० मध्ये सुरू झाला तेव्हा तो लोकवर्गणीवर चालतो असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्याचा मोठा खर्च सीआयए ही अमेरिकेची गुप्तचर संस्था करत होती. याउलट, पैसा उघड असला म्हणून सूचना सौम्य असतात असेही नाही. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेला परदेशी प्रसारणासाठी सरकारी निधी मिळतो, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तेथील संबंधित मंत्र्यांनी उत्तर कोरियाने पळवून नेलेल्या जपानी नागरिकांच्या प्रश्नावर भर देण्याचा लेखी आदेशच एनएचकेला दिला होता. एखाद्या केंद्राविषयी नोंद करताना म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे लिहावेत: पैसा कोण देतो, आणि विषय किंवा भाषा ठरवण्याचा अधिकार कायद्याने कोणाकडे आहे.

भाषांची यादी वाचताना

आजची यादी एकटी वाचून फारसे काही हाती लागत नाही. निदान दोन वेगळ्या वर्षांच्या याद्या शेजारी ठेवाव्यात आणि नव्या भाषांपेक्षा गळलेल्या भाषांकडे आधी पाहावे. भाषा सुरू करताना प्रत्येक सरकार मोठ्या गोष्टी बोलते. बंद करताना मात्र कोणता श्रोता आता महत्त्वाचा उरला नाही हे न बोलता कळते. ऑक्टोबर २००५ मध्ये बीबीसीने दहा भाषांच्या सेवा बंद करण्याचे जाहीर केले, त्यांपैकी आठ युरोपातल्या होत्या: पोलिश, चेक, स्लोव्हाक, हंगेरियन, बल्गेरियन, क्रोएशियन, स्लोव्हेन आणि ग्रीक. उरलेल्या दोन कझाक आणि थाई. यातून वाचलेला पैसा अरबी दूरचित्रवाहिनीकडे वळवण्यात आला आणि ती मार्च २००८ मध्ये सुरू झाली. शीतयुद्ध संपून पंधरा वर्षे झाली होती, पूर्व युरोपातले बरेचसे देश युरोपीय संघात सामील झाले होते आणि इराकचे युद्ध चालू होते, एवढे ध्यानात घेतले तर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

आपल्या मराठीचा प्रवेशही याच रीतीने वाचावा. ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये वर्ल्ड सर्व्हिससाठी २०२० पर्यंतच्या काळाकरिता २८.९ कोटी पौंडांचा जादा निधी दिला. ही घोषणा सांस्कृतिक धोरणाच्या कागदांत नसून संरक्षण व सुरक्षेच्या आढाव्यात होती, आणि त्या पैशाचा बराच भाग विकास मदतीच्या हिशोबात धरला गेला. जे देश अशा मदतीस पात्र मानले जातात त्यांच्या भाषांना त्यामुळे वाट मोकळी झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीबीसीची मराठी सेवा गुजराती, पंजाबी आणि तेलुगू यांच्याबरोबर सुरू झाली ती या पैशातून. ती संकेतस्थळावर आणि मोबाइलवर आली, शॉर्टवेव्हवर नव्हे. उलट ११ मे १९४० पासून चालत आलेली हिंदी सेवा शॉर्टवेव्हवर २०११ मध्येच बंद व्हायची होती. विरोध झाल्याने रोजच्या एका तासापुरती ती टिकली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तीही थांबली. सप्टेंबर २०२२ मध्ये अरबी, फारसी, हिंदी, बंगाली, तमीळ, उर्दू यांच्यासह दहा भाषांतले रेडिओ प्रसारण बंद करण्याचे बीबीसीने जाहीर केले. ‘डिजिटलकडे वळत आहोत’ असे वाक्य दिसले की त्याच्या मागेपुढे काटकसरीचा आकडा शोधावा, तो बहुधा सापडतो.

भारताची यादी तितकीच उद्बोधक आहे. आकाशवाणीच्या विदेश सेवेचा आरंभ १ ऑक्टोबर १९३९ रोजी पश्तू भाषेतल्या प्रसारणाने झाला. दुसरे महायुद्ध नुकते सुरू झाले होते आणि अफगाणिस्तान, इराण व अरब देशांकडे जाणाऱ्या जर्मन प्रचाराला उत्तर देणे हा तिचा हेतू होता. पुढे दारी, फारसी, अरबी, बलुची, बर्मी, चिनी, तिबेटी, नेपाळी, सिंहली, स्वाहिली अशा भाषांची भर पडत गेली. नकाशा समोर ठेवला तर यातल्या बहुतेक भाषा शेजाऱ्यांच्या किंवा हिंदी महासागराच्या काठावरच्या आहेत. परदेशस्थ भारतीयांसाठी असलेल्या भाषांत गुजराती, तमीळ, तेलुगू, मल्याळम आणि कन्नड आढळतात, मराठी आढळत नाही. आखातात नोकरीला गेलेल्या रत्नागिरी आणि रायगडच्या माणसांना हे खटकू शकते, पण अशी यादी लोकसंख्येवरून ठरत नाही. ज्या भाषेच्या मागे मोठ्या व जुन्या स्थलांतरित वस्तीचे वजन असते, किंवा सीमेपलीकडचा श्रोता असतो, ती भाषा आत येते.

भाषेच्या निवडीतून श्रोता कसा ओळखावा याचा धडा कोकणाच्याच इतिहासात आहे. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून गोवा मुक्तीसाठीचे गुप्त रेडिओ केंद्र चालू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते १९६१ पर्यंत चालवले. प्रसारण कोंकणी आणि पोर्तुगीज या दोन भाषांत होई. कोंकणी जनतेची भाषा होती आणि पोर्तुगीज सत्तेची.

वेळापत्रकातली एक ओळ

शॉर्टवेव्हची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. पहिल्या हंगामाला ए आणि दुसऱ्याला बी म्हणतात. बहुतेक देशांच्या केंद्रांचे नियोजन एचएफसीसी या आंतरराष्ट्रीय समन्वय संस्थेत होते आणि तिची यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती आकड्यांचे जंगल वाटते, पण एक ओळ सावकाश वाचली की पुढचे सोपे जाते.

समजा एका ओळीत असे आहे: वारंवारता ९ हजार ४०० ते ९ हजार ९०० किलोहर्ट्झच्या दरम्यान, आरंभ १६१५, समाप्ती १६४५, झोन ४१, शक्ती २५० किलोवॉट, दिशा १०५ अंश, दिवस सोमवार ते शुक्रवार, भाषा हिंदी. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तीत साडेपाच तास मिळवावेत; म्हणजे हे प्रसारण आपल्याकडे रात्री पावणेदहा ते सव्वादहा चालते. झोन ४१ म्हणजे भारत आणि लगतचा प्रदेश. १०५ अंश हे प्रक्षेपकापासून पूर्वेला किंचित दक्षिणेकडे कललेले तोंड आहे, तेव्हा प्रक्षेपक आपल्या पश्चिमेला असणार, बहुधा आखातात किंवा त्याच्या आसपास. फक्त सोमवार ते शुक्रवार असे लिहिले असेल आणि गेल्या हंगामात सातही दिवस असतील, तर कपात आधीच झाली आहे. शनिवार-रविवारच्या पाळीचे निवेदक कमी केले जातात आणि मगच भाषा बंद होण्याच्या बातम्या येतात. अर्धा तास पूर्वी एक तास होता का, हेही तेथेच पडताळावे.

या ओळीत दुर्लक्षिली जाणारी पण फार मोलाची नोंद प्रक्षेपण स्थळाची असते. केंद्र स्वतःच्या देशातून प्रक्षेपण करते, की दुसऱ्याच्या देशातले प्रक्षेपक भाड्याने घेते? स्वतःचे प्रक्षेपक उभारणाऱ्या सरकारने जमीन, मनोरे आणि वीजजोडणी यांत पैसा गुंतवलेला असतो आणि ते सहजी मागे फिरत नाही. भाड्याचा वेळ मात्र हंगामानुसार घेता येतो आणि पुढच्या हंगामात सोडूनही देता येतो. सोडलेली जागा रिकामी राहतेच असे नाही. रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ रोजी शॉर्टवेव्ह बंद केल्यावर तिच्या काही वारंवारता चीनच्या आंतरराष्ट्रीय रेडिओने वापरायला घेतल्या.

आता खर्चाचा ढोबळ अंदाज करता येतो. २५० किलोवॉटचा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक चालताना साधारण ४०० किलोवॉट वीज ओढतो, म्हणजे तासाला सुमारे ४०० युनिट. वरच्या अर्ध्या तासाला २०० युनिट लागतील. त्यांना औद्योगिक दराने गुणा. आलेली रक्कम पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते, कारण ती अपेक्षेपेक्षा लहान असते. परभाषी रेडिओचा मोठा खर्च विजेचा नसून माणसांचा असतो: भाषा जाणणारे वार्ताहर, अनुवादक, निवेदक. काटकसर करणारे सरकार विजेच्या बिलाकडे बोट दाखवत असेल तर हा गुणाकार जवळ असू द्यावा.

सेट आणि किनारा

वेळापत्रकात असलेले प्रत्येक प्रसारण प्रत्यक्षात होतेच असे नाही, म्हणून ऐकून खात्री करावी. संध्याकाळनंतर ४९, ४१ आणि ३१ मीटर पट्टे (वरच्या ओळीतली वारंवारता ३१ मीटर पट्ट्यातली आहे) आणि दिवसा १९ व १६ मीटर पट्टे आधी चाळावेत. घराच्या पन्हळीपासून माडापर्यंत ताणलेली दहा-बारा मीटरची तांब्याची तार पुरेशी होते, मात्र ती महावितरणच्या तारांपासून लांब आणि शक्यतो त्यांच्याशी काटकोनात असावी. खाऱ्या हवेत उघडे सांधे एका पावसाळ्यात हिरवे पडतात, तेव्हा डाग दिलेल्या सांध्यावर रबरी टेप घट्ट गुंडाळावा. मे महिन्यात वळवाच्या गडगडाटाची चाहूल लागताच तार सेटपासून काढून बाहेर टाकावी. येथे हयगय चालत नाही. स्लॅबच्या घरात सळ्यांमुळे आवाज दबतो, पडवीत तो उठतो. सर्वांत स्वच्छ ऐकू येते ते गावातली वीज गेल्यावर, कारण एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जर यांची खरखर त्या वेळी थांबते. कोकणात ही संधी वारंवार मिळते.

नोंदवहीत तारीख, वेळ, वारंवारता, भाषा आणि पहिल्या पाच मिनिटांतल्या बातम्यांचे विषय लिहावेत. स्वागत-अहवाल, म्हणजे प्रसारण कधी आणि कसे ऐकू आले याचे पत्र, केंद्राला पाठवावा. अशी पत्रे श्रोत्यांच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून मोजली जातात, आणि अंदाजपत्रकाच्या वेळी केंद्राच्या हाती दाखवण्यासारखे फार काही नसते.

भारताचा आकडा कसा शोधावा

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर माहिती व प्रसारण मंत्रालयाची अनुदान मागणी उघडावी. प्रसार भारतीला मिळणारे अनुदान तेथे दिसते, पण विदेश सेवेचा खर्च वेगळ्या ओळीत सापडत नाही. १९९० च्या प्रसार भारती कायद्यातील कलम १७ नुसार संसदेच्या मंजुरीने केंद्र सरकार महामंडळाला पैसा देते आणि कलम २३ नुसार सार्वभौमत्व, सुरक्षितता व सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणांसाठी निर्देश देऊ शकते; ही दोन कलमे एकदा मुळातून वाचावीत. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या २,५३९.६१ कोटी रुपयांच्या ‘बाइंड’ या पायाभूत सुविधा योजनेत एफएमचा विस्तार आणि सीमाभाग, नक्षलग्रस्त व आकांक्षित जिल्हे यांवर भर आहे. सीमेपलीकडच्या श्रोत्यासाठी स्वतंत्र पैसा हवा असेल तेव्हा भारतातही तो निघतो: ऑगस्ट २०१६ मध्ये बांगलादेशासाठी सुरू झालेल्या आकाशवाणी मैत्रीला चिनसुरा येथील १,००० किलोवॉटचा मीडियम वेव्ह प्रक्षेपक देण्यात आला. आपल्या जवळच्या पणजी येथील २५० किलोवॉटच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांचा विदेश सेवेसाठी अनेक वर्षे वापर झाला आहे, त्यामुळे गोवा आणि सिंधुदुर्गातल्या वाचकांनी चौकशी तेथूनच सुरू करायला हरकत नाही.

अर्थसंकल्प वाचताना अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही रकाने पाहावेत. मंजूर झालेला पैसा खर्च झालाच असे समजू नये. अमेरिकेत काँग्रेसने पैसा मंजूर केलेला असतानाही १४ मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानंतर दुसऱ्याच दिवशी व्हॉइस ऑफ अमेरिकाचे कर्मचारी रजेवर पाठवले गेले आणि १९४२ पासून चालत आलेले प्रसारण थांबले.

वेगळ्या ओळीत नसलेली माहिती माहिती अधिकारातून मागवावी. शुल्क १० रुपये आहे, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि कायद्याप्रमाणे अर्ज त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे मराठीतही करता येतो. धोरण काय आहे असे विचारल्यास परराष्ट्र संबंधांच्या अपवादाकडे बोट दाखवून नकार येण्याची शक्यता असते, म्हणून फक्त आकडे मागावेत. अर्जात असे लिहिता येईल: ‘गेल्या पाच आर्थिक वर्षांत विदेश सेवा विभागाच्या प्रत्येक भाषेचे दैनंदिन प्रसारण किती तास होते, प्रत्येक भाषेत नियमित आणि नैमित्तिक कर्मचारी किती होते, विदेश सेवेसाठी वापरलेल्या प्रत्येक प्रक्षेपकाचे वर्षनिहाय वीजबिल किती होते, या काळात कोणत्या भाषेचे प्रसारण कोणत्या तारखेपासून बंद किंवा कमी झाले?’ उत्तर अपुरे असेल तर पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाते.

दळणवळण व माहिती तंत्रज्ञानविषयक संसदीय स्थायी समिती दरवर्षी माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अनुदान मागण्या तपासते आणि तिचे अहवाल लोकसभेच्या संकेतस्थळावर असतात. रिक्त पदे, न वापरलेली रक्कम आणि बंद पडलेले प्रक्षेपक यांविषयी मंत्रालयाने समितीला दिलेली उत्तरे त्यांत सापडतात, आणि ती अर्थसंकल्पापेक्षा अधिक मोकळी असतात. तरीही आकडा हाती लागला नाही, तर आपल्या मतदारसंघाच्या खासदारांच्या कार्यालयाला पत्र द्यावे आणि अतारांकित प्रश्न विचारण्याची विनंती करावी, कारण त्याचे उत्तर लेखी मिळते आणि सभागृहाच्या पटलावर राहते. प्रश्नाची सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र पाठवावे आणि माहिती अधिकाराच्या अर्जातले मुद्दे त्याच क्रमाने पत्रासोबत जोडावेत.